खांद्यावरची वेणी

माझा भाऊ कुंदन दिसायला चांगला आहे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायला बसले तर बरंच वेगळं निघेल. पण त्याच्यासमोर कॅमेरा धरला की त्याच्या चेहऱ्याला काय होतं कोण जाणे. मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले. आधार कार्डावरचा त्याचा फोटो पाहून बँकेतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं होतं. लग्नाच्या बायोडाट्यासाठी आम्ही त्याला नंदुरबार, शहादा आणि दोंडाईचा अशा तीन गावांतल्या स्टुडिओंत नेलं. तिन्ही ठिकाणी तो नुकताच पकडून आणल्यासारखा आला.

आमचं माहेर धानोऱ्याचं. वडलांचं नाव सुकलाल, पण त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. केळी, पपई आणि थोडा ऊस. कुंदन बी.एस्सी. करून शेती बघतो, आणि इथंच त्याच्या लग्नाचं घोडं अडलं होतं. मुलीकडच्यांना जावयाच्या नावावर शेत हवं असतं, पण जावई त्या शेतात गेलेला चालत नाही. मग शेतात जायचं कोणी, हे मी एका मुलीच्या आईला विचारलंही होतं. ते स्थळ तिथंच संपलं.

माझं सासर लोणखेड्याचं, शहाद्याला लागूनच. आमच्या गल्लीत मोतीलाल आबा राहतात. ते पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले, पण हे त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. त्यांची मुलगी रुपा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दुधात पाणी आहे हे ती दूधवाल्याला तोंडावर सांगते आणि मग त्यालाच चहा पाजते. तिचं हे दूधवाल्याचं प्रकरण मी एकदा कुंदनला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबरच करं तिनी." एवढं वाक्य मुलीबद्दल बोलताना मी त्याला आजवर ऐकलं नव्हतं. त्यानंतर त्याला लोणखेड्यात वरचेवर कामं निघू लागली, आणि तो आला की रुपालाही माझ्याकडे विरजण मागायला यावंसं वाटू लागलं. मी मनाशी ठरवून टाकलं की ही माझी भावजय.

सिंधुकाकू, म्हणजे रुपाची आई, यांची ना नव्हती. आबांची एक अट होती. जे काही व्हायचं ते समाजाच्या वधू-वर मेळाव्यातून, चार लोकांदेखत. गुपचूप काही नको. आणि मेळाव्याचीही एक अट होती. पुस्तिकेसाठी प्रत्येकानं आपला फोटो मागचं सगळं काढून द्यायचा, मंडळ सर्वांच्या मागे एकसारखा फिकट निळा रंग लावणार. या अटीलाही कारण होतं. आदल्या वर्षी तीन मुलांनी एकाच बंगल्यासमोर उभं राहून फोटो दिले होते, आणि बंगला तिघांपैकी कोणाचाच नव्हता.

आमच्याकडे कुंदनचा हसरा असा एकच फोटो होता, आणि तो मी काढला होता. गेल्या दसऱ्याला. आमच्याकडे हरणी नावाची घोडी आहे. काम काही करत नाही. खाते, फिरते आणि कुंदनकडून लाड करून घेते. दसऱ्याला घोडीची पूजा असते, म्हणून कुंदन तिला सकाळी धुतो, आयाळीला तेल लावतो आणि त्या आयाळीची तीनपदरी वेणी घालतो. वेणीत लाल जरीची फीत आणि शेवटी गोंडा. माझ्या लग्नात माझी वेणी इतक्या मन लावून कोणी घातली नव्हती. त्या दिवशी मी गुरांच्या पाण्याच्या हौदाच्या काठावर बसले होते. समोर कुंदन हरणीच्या गळ्यात हात टाकून उभा होता. तिची वेणी त्याच्या खांद्यावरून पुढं आली होती आणि तो तिच्याकडे बघून हसत होता. त्याला कळायच्या आत मी फोन उचलला आणि फोटो काढला.

आप्पांना तो फोटो फार आवडायचा, कारण त्यात सगळं आलं होतं. मागे केळीची बाग, ट्रॅक्टर, मोटारीचं जोरात पडणारं पाणी, नवा स्लॅब, आणि एका कडेला खुद्द आप्पा, पांढरी टोपी घालून, हात मागे बांधून. त्यामुळे मागचं काढायचं म्हटल्यावर त्यांनी जेवण अर्धवट सोडलं.

"मांगनं बठ्ठं काढी टाकं ते मंग ऱ्हायनं काय?" त्यांनी विचारलं. आमच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.

"पोऱ्या ऱ्हायना ना, आप्पा."

"पोऱ्या ते बठ्ठासना घर ऱ्हास."

मी त्यांना समजावलं की मुली नको म्हणतात त्या याच केळीला आणि याच ट्रॅक्टरला. नाही दिसलं तर बरंच आहे. हे ऐकून त्यांना लागलं. ते म्हणाले, "तू याच केळीवर मोठी व्हयनी, बेटा," आणि हात धुवायला उठले. आमची माय, बेबीबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माले पोऱ्या हसता जोयजे. मांगे काहीबी ऱ्हावो." घरात शेवटचा शब्द मायचा असतो, म्हणून फोटो मी उचलला.

नंदुरबारला प्रेमचंदशेठचं कापड आणि कटलरीचं जुनं दुकान आहे. त्यांच्या मुलानं, अरिहंतनं, अर्ध्या दुकानात भिंत घालून डिजिटल स्टुडिओ काढलाय. अरिहंतचं एक आहे, तो कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही आणि कोणतंही काम बघत नाही. एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकाला. मी मेळाव्याचा नियम सांगितला. त्यानं फोटो संगणकावर घेतला, एक बटण दाबलं आणि चहा प्यायला लागला. त्याचा चहा संपायच्या आत आमचं घरदार नाहीसं झालं. केळी गेली, ट्रॅक्टर गेला, मोटार गेली, आप्पा गेले. हरणीही गेली. राहिला कुंदन, आणि त्याच्या मागे राखाडी-पांढऱ्या बारीक चौकटी.

"ही फरशी कोनी?" मी विचारलं.

"फरशी नही, ताई. तठे काहीच नही शे."

"मंग हाई काय दिखी ऱ्हायनं?"

"काहीच नही शे हाई दखाडाले बी काहीतरी लागस ना."

मी फक्त कुंदनच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो हसत होता आणि ते हसणं शाबूत होतं. त्या यंत्राला माणूस आणि मागचं वेगळं करायला शिकवलेलं असतं म्हणे. माणसाला केस असतात हेही त्याला शिकवलेलं असतं. त्यामुळे त्यानं घोडीचं डोकं काढलं, मान काढली, पाठ काढली, आणि कुंदनच्या खांद्यावर जे काळेभोर, तेल लावलेले, नीट विंचरलेले केस होते ते माणसाचेच असणार असं समजून जिथल्या तिथं ठेवून दिले. हे अरिहंतनं बघायला हवं होतं. त्याचं ते कामच होतं. तो तेव्हा फोनवर जिनल नावाच्या त्याच्या बहिणीशी समोशांबद्दल बोलत होता.

मेळावा नंदुरबारला एका मंगल कार्यालयात होता. व्यासपीठामागे मोठा पडदा. एकेका मुलाचं नाव पुकारायचं, पडद्यावर फोटो यायचा, मुलगा उभा राहून नमस्कार करायचा. पुढच्या रांगेत मोतीलाल आबा, सिंधुकाकू आणि रुपा बसले होते. मी त्यांच्या मागे, माझ्या शेजारी आप्पा, पलीकडे माय. कुंदनचं नाव आलं. पडद्यावर माझा भाऊ आला, माणसाहून दुप्पट मोठा, फिकट निळ्या रंगावर.

मी स्टुडिओत जे पाहिलं नव्हतं ते आता सगळ्या समाजाबरोबर पाहिलं. कुंदन एका बाजूला झुकला होता. त्याचा हात वाकडा होऊन कोणाच्या तरी गळ्यात होता, आणि तिथं कोणी नव्हतं. तो त्या कोणी नसलेल्याकडे असं प्रेमानं बघत होता की बघणाऱ्याला संकोच वाटावा. आणि त्याच्या खांद्यावरून एक लांब काळी वेणी खाली आली होती. लाल जरीची फीत. खाली गोंडा.

कार्यालय शांत झालं. मग कुजबुज सुरू झाली. माझ्या मागची बाई म्हणाली, "बाजूनी पोर कापी टाकेल दिखस."

तिची शेजारीण म्हणाली, "कापी ते कापी, वेनी ते काढनी व्हती."

कुंदन उभा राहून नमस्कार करत होता, नेहमीच्या पकडून आणलेल्या चेहऱ्यानं. त्यामुळे आणखीच वाईट दिसलं. आप्पांच्या मागच्या माणसानं हळूच विचारलं की ही वेणी कोणाची. आप्पांना त्यात लपवण्यासारखं काय वाटणार? ते मोठ्यानं म्हणाले, "हरनीनी शे."

"हरनी कोन?"

"आमना घरनीच शे. कुंदन तिले सोताना हाते आंघोय घालस."

मायनं आप्पांना कोपर मारलं, पण उशीर झाला होता. पुढच्या रांगेत मोतीलाल आबांची मान जागेवरच ताठ झाली. त्यांच्या खात्यात मान अशी ताठ झाली की पुढं तपास सुरू होतो.

तो दुसऱ्याच दिवशी सुरू झाला. आबा बसनं नंदुरबारला गेले आणि त्या जरीच्या फितीचा माग काढत थेट प्रेमचंदशेठच्या दुकानात पोचले. शेठ सचोटीचे. कोणी विचारलं तर खरं सांगतात, आणि थोडं जास्त सांगतात. ते म्हणाले, हो, धानोऱ्याचा कुंदन दर दसऱ्याला फीत नेतो. लाल, जरीची. सोबत एक गोंडा.

"कोनाकरता?" आबांनी विचारलं.

"ते मी कसाले इचारू? गिऱ्हाईक शे." आणि आबा जायला वळले तेव्हा शेठनी आपणहून भर घातली, "पन पसंत भारी शे त्यानी. बायासले बी इतली समज नही ऱ्हास."

संध्याकाळी सिंधुकाकूंनी माझा स्टीलचा डबा परत पाठवला. मी त्यात शेवेचे लाडू दिले होते. आमच्या गल्लीत डबा कधी रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असते. डबा घासलेला, पुसलेला आणि रिकामा होता. मी तो ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. मला रडू आलं. मग मला अरिहंतचा राग आला, आणि रागानं बरं वाटलं.

मी फोन घेतला आणि तडक आबांच्या घरी गेले. मूळ फोटो माझ्याकडे होता, मला भीती कसली? आबांनी चष्मा लावला. फोटो मोठा करून घोडीचा कान बघितला, वेणी बघितली, खूर बघितले. मग चष्मा काढला.

"काम बेस करेल शे," ते म्हणाले. "कोठे करं?"

"काम नही शे आबा, हाऊच खरा फोटो शे."

"पोर काढी टाकी अन् घोडी लाई दिधी. आजकाल संगणकवर हत्ती बी लायता येस." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट होतं. "मी जनमभर घोड्या दखी ऱ्हायनू, रोहिणी. घोड्यासनी यात्रामा बंदोबस्त करेल शे. घोडीले जरीनी फीत कोन बांधस? अन् हाई दख. केळी शे, ट्रॅक्टर शे, मोटार चालू शे, टोपी घालीसन बाप बी उभा शे. इतलं बठ्ठं एक फोटोमा सोताहून येस का?"

मी पुन्हा फोटोकडे बघितलं. खरं सांगायचं तर खोटाच वाटत होता. घोडीसुद्धा हसत होती. आणि नियम मागचं काढायचा होता, शेजारची घोडी नव्हे; ती खरी असेल तर तिला काढलं कशाला, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते आबांना देण्यासारखं नव्हतं. तुमच्यासारख्या लोकांना शेत दिसू नये म्हणून काढली, हे मी कसं सांगणार?

मी अरिहंतला फोन करून मनात होतं ते सगळं बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मी दुसरी घोडी लाई देऊ का? ती खरी दिखी." मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी धानोऱ्याला गेले. कुंदन मात्र कोणावर चिडला नाही. तो म्हणाला, "जाऊ दे ताई, तुन्ही चूक नही शे," आणि हरणीला खरारा करायला गेला. मी दारातून बघत होते. एरवी तो तिच्याशी सारखा बोलतो. त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. हरणीनं दोनदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. माझा भाऊ असा गप्प झालेला मला बघवत नव्हता, म्हणून मी त्याच दुपारच्या बसनं लोणखेड्याला निघून आले.

घरी आले तर रुपा ओट्यावर बसली होती. विरजणाची वाटी नव्हती तिच्या हातात.

"माले ती घोडी दखनी शे," ती म्हणाली.

"तुन्हा आबा येतीन का?"

"त्यासले मी लई येसू. पन नुसती घोडी दखाडी ते आबा सांगतीन, घोडी शे, पोर बी व्हती." तिनं बराच विचार केलेला दिसत होता. "अरिहंत जीपना काचवर छापस ना, तसा तो फोटो छापी दी का?"

मला आधी कळलंच नाही. मोलगीकडे जाणाऱ्या जीपांच्या काचांवर अरिहंत देवांची चित्रं आणि आईवडलांची नावं चिकटवतो. पारदर्शक प्लास्टिकवर छापलेली असतात, आजूबाजूनं रस्ता दिसत राहतो. रुपाचं म्हणणं असं होतं की कुंदनच्या मागे काहीच नाही ना, मग ते काहीच नाही तसंच ठेवायचं. तो कागद घोडीसमोर धरायचा. हात आणि मान जुळली तर घोडी, नाही जुळली तर पोरगी. मी तिच्याकडे बघत राहिले. अशी मुलगी आमच्या घरात आली तर आप्पांची धडगत नव्हती, आणि मला ती त्याहूनही जास्त हवीशी वाटली.

रविवारी सकाळी सगळे धानोऱ्याला आले. आबा, सिंधुकाकू, रुपा आणि मागून मोटारसायकलवर अरिहंत, पाठीला ती गुंडाळी बांधून. आप्पा फाटकातच उभे होते, पांढरी टोपी घालून. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी खास मागचं बघायला आलं होतं. त्यांनी पाहुण्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. आधी केळी दाखवली. मग पपई. मग ट्रॅक्टर. मग मोटार चालू करून पाणी दाखवलं. आबा प्रत्येक ठिकाणी फोनमधल्या फोटोशी ताडून बघत होते आणि काही बोलत नव्हते. फक्त ट्रॅक्टरपाशी त्यांनी नंबरप्लेट बघितली.

मग अंगणात हरणी आणली. तिची आयाळ मोकळी होती. रुपानंच तसं सांगितलं होतं. वेणी आमच्यासमोर घालायची, असं तिचं म्हणणं होतं. कुंदननं खिशातून जुनी जरीची फीत काढली. त्याचे कान लाल झाले होते. पण एकदा आयाळीत हात गेल्यावर तो आम्हाला विसरला. तेलाचा हात फिरवला, तीन पदर केले, फीत मधल्या पदराबरोबर घेतली आणि भराभर विणत गेला. हरणी डोळे अर्धे मिटून उभी होती. सिंधुकाकू आपली जागा सोडून जवळ जाऊन बघायला लागल्या.

"इतली घट्ट वेनी ते माले बी येत नही," त्या म्हणाल्या.

आबा म्हणाले की वेणी घालता येते एवढंच यावरून सिद्ध होतं. कोणाची घालतो ते नाही. मग गुंडाळी उघडली. तो प्लास्टिकचा कागद दारावरच्या पडद्याएवढा होता. अरिहंतनं एक बाजू धरली, मी दुसरी. मधोमध कुंदन, हसरा, वाकलेला, हात रिकाम्या जागेत. त्याच्या आजूबाजूनं आमचं अंगण दिसत होतं. आबांनी एक डोळा मिटला.

खऱ्या कुंदनला त्यांनी लांब उभं केलं होतं, साक्षीदारावर दबाव नको म्हणून. पण तो लांब गेला की हरणी त्याच्यामागे जायची. कागदात कधी तिचं पोट यायचं, कधी शेपूट. एकदा तर कागदातला कुंदन मोठ्या प्रेमानं ट्रॅक्टरच्या गळ्यात हात टाकून उभा राहिला. शेवटी कुंदन तिथूनच म्हणाला, "हरने, ऱ्हाय." ती थांबली आणि त्याच्या आवाजाकडे मान वळवून उभी राहिली.

"घोडी मोठी दिखी ऱ्हायनी," आबा म्हणाले आणि मागे सरकले. "कागद थोडा डावीकडे ल्या." आम्ही घेतला. आबा आणखी मागे सरकले. "आखो थोडं." त्यांचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा कागदावर. आप्पा काहीतरी सांगायला लागले होते, पण पाहुण्याला मध्येच अडवणं त्यांना बरं वाटलं नाही. आबांनी आणखी एक पाऊल मागे टाकलं आणि हौदात बसले.

पाणी चांगलं भरलेलं होतं. आप्पांनीच सकाळी मोटार चालू करून भरलं होतं. कोणी हसलं नाही. हसू येऊ नये म्हणून मी कागदाची कड दातात धरली. माय टॉवेल आणायला घरात धावली. अरिहंतनं आयुष्यात पहिल्यांदाच इअरफोन काढला. आबा छातीपर्यंत पाण्यात बसलेले, टोपी जागेवर, चष्म्यावरून पाणी गळतंय. सिंधुकाकू घाबरून पुढं झाल्या. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते अजून बघत होते. एक डोळा मिटलेलाच होता.

"बसनी," ते म्हणाले.

"काय बसनी?" काकूंनी विचारलं. "तुम्हीच बसनात."

"मान. हातमा बराबर बसनी. वेनी बी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फोटो काढताना मी त्याच हौदाच्या काठावर बसले होते. उभ्यानं तो जुळणारच नव्हता. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण मग आबा पाण्यात बसले नसते.

रुपा हौदापाशी गेली, आबांच्या शेजारी काठावर टेकली आणि तिनंही एक डोळा मिटला. ती बराच वेळ बघत होती. कागदातला कुंदन, त्याच्या हातात खरी हरणी, तिच्या पलीकडे केळी, ट्रॅक्टर, मोटारीचं पाणी आणि टॉवेलची वाट बघत हात मागे बांधून उभे असलेले आप्पा. सगळं आपापल्या जागी होतं. मग तिनं मिटलेला डोळा उघडला आणि कागद सोडून लांब उभ्या असलेल्या खऱ्या कुंदनकडे बघितलं. तो हसत होता. त्याच्यासमोर कॅमेरा नव्हता ना.

आबा आप्पांच्या धोतरात आणि कोरड्या सदऱ्यात जेवायला बसले. तिसरी पुरणपोळी झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की दसऱ्याला पूजा किती वाजता असते. आम्ही समजायचं ते समजलो. दोन दिवसांनी आबांकडून डबा आला. माझा नव्हता, त्यांच्याच घरचा होता, आणि झाकण बसत नव्हतं इतका भरलेला होता.

साखरपुड्याच्या बॅनरसाठी अरिहंतनं आपणहून फोन केला. मागचं सगळं परत लावून देतो म्हणाला, आप्पांसकट. आप्पांनी केळीचे घड नीट मोजता येतील एवढे मोठे करायला सांगितले. मग अरिहंत म्हणाला की ताई, कुंदनभाऊच्या हातात जागा तयारच आहे. रुपाभाभींचा फोटो पाठवा, त्या जागेत बसवतो. वेणीसुद्धा करावी लागणार नाही. मला ही कल्पना पटली. बिचाऱ्यानं काहीतरी डोकं चालवलं होतं. त्यानं नमुना करून पाठवला तेव्हा रुपा माझ्याच स्वयंपाकघरात होती. मी फोन तिच्यापुढं धरला.

तिनं बघितलं आणि मान हलवली.

"ती जागा हरनीनी शे," ती म्हणाली. "तिलेच ऱ्हावू दे."

"मंग तू कोठे उभी ऱ्हाशी?"

रुपानं फोन माझ्या हातातून घेतला, कुंदन बोटांनी मोठा केला आणि मला दाखवला.

"त्याना दुसरा हात रिकामा शे ना."